दोरी आणि दगड

दाढ ठणकत होती, तरी दातांच्या दवाखान्यात मावशींचे कान शेजारी नंबर लावून बसलेल्या भौतिकशास्त्राच्या दोन शिक्षकांकडे लागले होते.

"मॅडम, नवीन मुलांना हे जाडं पुस्तक लावू या की पातळ?"

"पातळ लावा, सर. त्यात प्रत्येक गोष्ट आधी करून बघायला सांगितली आहे."

"कुठे करणार? प्रयोगशाळेत ऑफिस थाटलंय."

"लंबकाला लागतं काय? दोरी आणि दगड."

"गेल्या वर्षी टांगला होता मी दगड. झोक्याचा वेळ मोजायला सांगितला, तर सगळ्यांनी आधी विचारलं, उत्तर किती यायला हवं?"

"मग?"

"सांगितलं. सगळ्यांचं तेवढंच आलं. दगडाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही."

"मग जाडंच लावा. त्यात उत्तरं मागे दिलेली आहेत."

"बरं."

"तो दगड आहे का अजून?"

"आहे ना, टेबलावर. कागद उडू नयेत म्हणून."