घरमालकाचं पान

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि या भाषावर्गाच्या संचालिका आदरणीय दीक्षाताई, व्यासपीठावर विराजमान कंपन्यांचे अधिकारी, शिक्षकवृंद, निघोजे-भोसरीहून शिफ्ट सांभाळून आलेले विद्यार्थी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या कोरियन भाषेच्या शिक्षिका हान मिरान मॅडम, सर्वांना सोपानरावचा नमस्कार.

माझं शिक्षण दहावीला थांबलं. इथं उभा आहे तो मॅडमचा घरमालक म्हणून. दीक्षाताई म्हणाल्या, चार गोड शब्द बोला. गोड बोलणारे माझ्याआधी बोलून गेले. माझ्याजवळचं जरा कडू आहे. पण मॅडमचं उद्या विमान. आज नाही तर कधी सांगणार?

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. गणपतींचं आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, डीजेनं माझं डोकं उठलेलं. पौर्णिमा, म्हणजे पितृपंधरवडा लागलेला. खालच्या मजल्यावरच्या कौशल्याबाई सांगत आल्या, "वरच्या मॅडमनी फोटू मांडलाय, म्होरं पानं वाढलीत. पित्रं घालत्यात." आमच्यात समज असा, की परक्याच्या घरात पित्रं घातली तर त्या घरचे पितर उपाशी उठतात. मी तडक वर गेलो. पायात चपला तशाच.

आत मॅडम, आणि त्यांच्या वर्गातली स्नेहल. स्नेहल, तू समोर बसली आहेस, मी काही वाढवून सांगत असेन तर टोक. टेबलावर एका बाईंचा फोटो. पुढं भात, मासे, फळं, आणि उकडलेल्या छोट्या करंज्यांसारखं काहीतरी. इथवर ठीक. पण बाजूला पाटावर आणखी एक छोटं पान होतं, त्यामागं फोटोच नव्हता. मी विचारलं, हे कुणाचं? मॅडम आपल्या नव्या-नव्या मराठीत हसून म्हणाल्या, "घरमालकाचं."

आता मला सांगा, मंडळी, मेलेल्यांच्या पंगतीत स्वतःचं पान पाहिल्यावर माणसानं काय करावं? माझ्या अंगाची लाही झाली. "जित्या माणसाचं पान वाढता? माझ्याच घरात? दोन दिवसांत खोली खाली करा. निघा!" जिन्यात माणसं जमली. स्नेहल मध्ये बोलायला गेली, तिलाही मी गप्प केलं.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. पण आवाज नाही चढला. फोटोकडे बोट करून त्या एवढंच म्हणाल्या, "आई आधी जेवेल. मग मी निघते."

त्यांच्या देशातला तो सगळ्यात मोठा सण, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी सगळे गावी जातात, आधी गेलेल्यांना वाढतात, मग स्वतः जेवतात. मॅडमची आई त्याच वर्षी गेलेली. पहिलाच सण. आणि आपल्या या पोरांची परीक्षा तोंडावर, म्हणून त्या गावी गेल्या नव्हत्या.

एवढ्यात माझी आई, छबूबाई, धापा टाकत जिना चढून आली. तिनं फोटो पाहिला, विचारलं, "पयलं वरीस हाय का गं बाई?" मग ते छोटं पान पाहिलं. स्नेहलनं समजावलं. तिकडे काही घरांत घर राखणाऱ्याला आधी वाढतात. आपल्याकडे जागेला राखणदार देव असतो ना, तसं. मॅडमना मराठी शब्द हवा होता, मोबाइलनं दिला "घरमालक".

आई माझ्याकडे वळली. जिन्यातली सगळी माणसं ऐकत होती. "आरं, ही जागा राखली कुणी? तुझ्या बापानं. सात वर्सं तू त्याला घास दावला न्हाईस. हिनं वाढलाय. आन् तू हिला हाकलतोस व्हय?"

मंडळी, ती इमारत आमच्या शेतात उभी आहे. शेत बिल्डरला दिलं तेव्हा वडील नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत आणि तसेच गेले. मला लाज वाटायची. कोणत्या तोंडानं त्यांना जेवायला बोलवू? म्हणून पित्रंच बंद केली होती. त्या दिवशी चपला बाहेर काढल्या आणि त्या पानासमोर बसलो. रडलो. हे सांगायला आज संकोच वाटत नाही.

पुढच्या वर्षापासून आमच्याही घरी पान वाढलं जाऊ लागलं. लोक म्हणतात, सोपानराव सुधारला. नाही हो. मॅडम राहिल्या खऱ्या, पण त्यांची माफी मी मागितली नाही. "निघा" म्हटलं होतं, ते मागे घेतलं नाही. जिन्यात भेट झाली की पाणी आलं का, एवढंच विचारायचो. परवा स्नेहलनं सांगितलं, मॅडमनी एक बॅग तीन वर्षं भरूनच ठेवली होती. काका कधी पुन्हा "निघा" म्हणतील, याचा नेम नव्हता ना.

दीक्षाताईंनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही वावगं गेलं असेल तर पोटात घाला. पण मॅडम, त्या दिवशीचं तुम्ही घालू नका. ते माझं मला परत घेऊ द्या. तिकीट काढलंय, बॅगा खाली गाडीत आहेत, सगळं ठाऊक आहे. तीन वर्षं उशीर झाला, तरी एकदा ऐकून जा.

मॅडम, राहा.