माझ्या बाजूचा ब्रेक

मेव्हणी : आ करा, भावोजी. अजून. गाडीची काच खाली करताय का, इंचाइंचानं? पूर्ण उघडा.

मास्तर : आऽऽ.

मेव्हणी : अगं बाई! ताई, बघितलंस का हे? जिभेला फोड, गालाला आतून फोड, ओठाच्या कडेला पुळ्या. जेवता तरी कसे तुम्ही?

बायको : जेवतात कुठं? ताटासमोर फुंकर मारत बसतात. आणि सर्दी तर घरच्यासारखी राहायलाच आलीये.

मास्तर : हवाच तशी आहे सध्या.

बायको : मग ती हवा मला नाही का? मला कधी शिंक आली?

मास्तर : तू घरात असतेस. माझ्या गाडीत दिवसभर शिकाऊ माणसं बसतात. कुणी खोकतंय, कुणी शिंकतंय. ड्रायव्हिंग स्कूल आहे माझं, तुझ्या बहिणीचा दवाखाना नव्हे, की आत येताना हात धुवा म्हणून पाटी लावू.

मेव्हणी : जंतू तिकडून येत असतील, कबूल. पण आलेल्या प्रत्येकाला तुम्ही मुक्कामाला ठेवून घेता, त्याचं काय? साखर बघितली, रक्त बघितलं, छातीचा फोटो काढला. सगळं ठीक. शेवटी मी ताईला विचारलं, हा माणूस घरी वागतो कसा.

मास्तर : म्हणजे माझ्यामागे चौकशी चाललीये!

बायको : मी खरं तेच सांगितलं. जेवताना टेबलाखाली पाय दाबता. टीव्हीत गाडी वळली की पाय दाबता. झोपेत दाबून दाबून माझी नडगी सुजवलीत. परवा लिफ्टमध्ये असा पाय आपटलात, की तो लिफ्टवाला म्हणाला, काका, ही आपली आपण थांबते.

मास्तर : अगं, मला काय हौस आहे? माझ्या बाजूला फक्त ब्रेक असतो. स्टिअरिंग त्यांच्या हातात, ॲक्सिलरेटर त्यांच्या पायाखाली. परवा एक साहेब सरळ फुलांच्या दुकानात निघाले होते. मला म्हणतात, मास्तर, रस्ताच वळला!

बायको : आणि घरी आल्यावर फोन. ‘मास्तर, सिग्नलला गाडी बंद पडली.’ ‘मास्तर, गल्लीत अडकलोय, आता कसं वळवू?’ शिकून कधीच मोकळी झालेली माणसं! आणि हे ताटावरून उठून त्यांना वळवतात.

मास्तर : मग काय गल्लीतच राहू देऊ त्यांना?

मेव्हणी : बरं, मला एक सांगा. तुमचा एखादा शिकाऊ ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवत राहिला, तर?

मास्तर : थोबाडीत देईन त्याच्या. ब्रेकचे लायनर जळतात!

मेव्हणी : आणि मग खरंच कुणी आडवं आलं तर?

मास्तर : दाब दाब दाबशील, लागणारच नाही.

मेव्हणी : तुमचं अगदी तेच झालंय. संकट दिसलं की शरीर कॉर्टिसॉल नावाचं रसायन सोडतं. तेवढ्यापुरतं ते चांगलंच. पण वर्षानुवर्षं ताण उतरलाच नाही, की त्या रसायनाची घडी विस्कटते. जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, नको तिथं दाह होतो, जखम भरायला वेळ लागतो. अंगात दबून बसलेले जुने जंतू डोकं वर काढतात. ओठावरच्या पुळ्या त्यांच्याच.

मास्तर : म्हणजे मनाचे खेळ.

मेव्हणी : मनाचे कसले? मला तुमच्या तोंडात दिसतायत!

मास्तर : मग एक कडक गोळी दे. रविवारी मला नातीकडे जायचंय.

बायको : नाही जायचं. लेकीचा फोन आला होता. आम्ही बोलत होतो तेव्हा तुम्ही मागे शिंकलात, ते तिनं ऐकलं. म्हणाली, सर्दी पूर्ण गेल्याशिवाय बाबांना आणू नकोस.

मास्तर : जन्मल्यापासून मी नातीला फोनवरच बघतोय. एकदाही हातात घेतली नाही. लेकीच्या शेजारचा तो टकल्या, त्यानं घेतली म्हणे!

मेव्हणी : लेकीचं बरोबर आहे, भावोजी. एवढ्याशा जिवाला तुमची सर्दी झेपायची नाही.

मास्तर : कळतं गं मला. म्हणून तर लेकीला काही बोलणार नाही. पण फार वाईट वाटतं.

मेव्हणी : मग ऐका माझं. औषध फोडांपुरतं देते, बाकीचं तुम्हीच करायचंय. संध्याकाळी घरी आलात की फोन बंद. रोज चालायला जायचं, एकट्यानं, वाटेत कुणाला न शिकवता. पुरेशी झोप. बसून सावकाश श्वास. मनात सलत असेल ते ताईशी बोलायचं. आणि दुपारची तुकडी दुसऱ्या कुणाला द्यायची.

मास्तर : दुसऱ्याला? माझ्या बाजूच्या ब्रेकवर?

मेव्हणी : रविवार विसरा. पुढचा एखादा रविवार तुमचा.

(बऱ्याच दिवसांनंतरची रविवार सकाळ. तिघं शिकवणीच्या गाडीपाशी.)

मास्तर : तू तिथं का बसलीस? माझी जागा आहे ती. ब्रेक आहे तिथं!

मेव्हणी : म्हणूनच बसलेय, मांडी घालून. पाय खाली सोडणारच नाही. तुम्ही मागे बसा.

मास्तर : आणि चालवणार कोण?

बायको : मी.

मास्तर : तुला कुठं येते? मी शिकवायला घेतलं, तर फाटकातच उतरून गेली होतीस!

बायको : मी किल्ली फिरवायच्या आधी तुम्ही ब्रेक मारलात! म्हणून मग लंबूकडे शिकले. लायसन्स पर्समध्ये आहे.

मास्तर : तो लंबू? ज्याला मी वर्षभर परीक्षेलाच बसू दिलं नाही, तो?

बायको : तोच. तुमची दुपारची तुकडी घेतो ना हल्ली. तुम्ही फिरायला गेलात की आम्ही निघायचो.

मास्तर : माझ्याच गाडीत? माझ्याच ब्रेकवर?

बायको : त्यानं तो दाबला नाही कधी.

मेव्हणी : भावोजी, श्वास घ्या. सावकाश.

बायको : श्वासाचं काही विचारू नकोस! पहिल्याच दिवशी बागेत प्राणायाम करणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांवर ओरडून आले. ‘सोडताना घाई नको! आधी मागे बघा!’

मास्तर : घाईच करत होते ते. आता बोलत नाही मी. नुसता बघतो.

मेव्हणी : सर्दी कशी आहे?

बायको : बऱ्याच दिवसांत शिंक नाही. मधे ओठावर एक पुळी आली होती, लंबूनं न विचारता गाडी धुतली तेव्हा. तीही गेली. निघू या?

मास्तर : आरसा बघ. आरसा! अगं, पुढे बस आहे, बस!

मेव्हणी : आई गं! भावोजी, ब्रेक माझ्या पाठीत लागतोय.

मास्तर : चुकून गेला पाय. हिनं आरसा बघितला नाही.

बायको : बघितला. त्यात तुमचं तोंड दिसलं, म्हणून परत नाही बघितला.

मेव्हणी : ताई, पुढे उतार आहे ना गं? थांब, मी पाठ घट्ट करते. हं, घे. अगं, लागला नाही!

बायको : रुसले असतील.

मेव्हणी : रुसतायत कसले! झोपलेत. चांगला आ करून. दवाखान्यात एवढं कधी उघडलं नाही तोंड. एकही फोड नाही गं.

बायको : चालत्या गाडीत? हे?

मेव्हणी : समोर बघ, ताई. रडतेस काय?

बायको : नाही रडत. लग्न झाल्यापासून हा माणूस गाडीत कधी डोळे मिटून बसला नाही.

मास्तर : ब्रेक!

बायको : मारला. पोचलो आपण.

मास्तर : पोचलो? आणि तो मोठा चौक?

बायको : मागेच गेला. ती बघा, लेक बाळाला घेऊन दारात उभी आहे.

मेव्हणी : धावू नका! आधी हात धुवा.

मास्तर : हे बघ, धुतले. कोपरापर्यंत. परत धुऊ?

बायको : पुरे. खुर्चीत नीट बसा. हात तिच्या मानेखाली. असा. आता घाबरू नका.

मास्तर : कोण घाबरतंय? अगं, केवढीशी आहे ही! माझ्याकडेच बघतेय.

मेव्हणी : भावोजी, पाय?

मास्तर : माझे गप आहेत. हिचा चाललाय. पोटात दाबतेय बघ सारखी.

बायको : गेली, आजोबांवर गेली!

मास्तर : दाब गं बाई, दाब. आजोबाला कधी कुणी थांबवलंच नव्हतं.