मुलगा कुणाचा?

माझा मित्र सायमन मी शिकवतो त्याच शाळेत इतिहास शिकवतो. त्याच्याकडून बायबल वाचायला आणलं. नवा करार उघडला, तर पहिल्याच पानावर याचा मुलगा तो, त्याचा मुलगा तो. मी नावं गाळून पुढे गेलो आणि त्याला म्हटलं, "तुझ्या लेखकाला सुरुवात जमलेली नाही." तो म्हणाला, "तो कुणासाठी लिहीत होता, ते बघ."

त्याच आठवड्यात पुतण्याच्या लग्नाचं बोलायला सायमनलाच घेऊन, त्याच्या गाडीतून राजापूरला गेलो. मुलीचे आजोबा सुपारी कातरत बसले होते. मी सुरू केलं, मुलगा इंजिनीअर आहे, जयगडला बंदरात नोकरी, रत्नागिरीत फ्लॅट.

"ते असू दे. मुलगा कुणाचा?"

मग मी आमचे आजोबा, पणजोबा सांगत गेलो आणि चुलत आजोबांपाशी अडखळलो. ते सख्ख्या भावाची कलमांची बाग लाटून मुंबईला गेलेले. सायमन माझ्याकडे बघत होता. शेवटी सांगून टाकलं.

मुलीच्या आजोबांनी अडकित्ता खाली ठेवला. "मला ठाऊक होतं ते. तुम्ही गाळताय का, तेवढंच बघत होतो." मग आत वळून म्हणाले, "चहा ठेव गो."

येताना सायमन म्हणाला, "बायबलातल्या त्या नावांतही दुसऱ्याची बायको बळकावणारा एक राजा आहे. लेखकाने ते तिथेच लिहून टाकलंय."

काय धीराचा माणूस असेल तो लेखक. घरी येऊन ते पान पुन्हा उघडलं. या वेळी एकही नाव गाळलं नाही.