मोत्याची पाठ रोज बघायचो

माझा जन्म माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतला, शाळा तिसरी, तीबी धड नाय. चाळीस वरीस माथेरानात घोडा धरला. काय सांगू तुमाला, शिकलो ते एकच. संध्याकाळी खोगीर उतरवलं की आधी घोड्याच्या, माझ्या मोत्याच्या पाठीवरनं हात फिरवायचा, मग आपला चहा. कातडं तापलेलं, केस उडालेले लागले की चार दिवस खोगीर नाय, गिऱ्हाईक कितीबी बोंबलू दे.

आता एवढा शहाणा माणूस काय करतो ते ऐका. माझी बायको पार्वती भिसेगावच्या आमच्या घरात पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं पण उठली नाय. मी तिला उताणी निजवली. रोज केस विंचरायचो, चादर बदलायचो. कुशीवर करायला गेलो की विव्हळायची, राहू द्या वो, म्हणायची, आणि मी राहू द्यायचो. त्याला मी माया म्हणत होतो! पावणे केळी घेऊन यायचे, उशाशी बसून चहा ढोसायचे, म्हणायचे दाजी, सेवा करावी तर तुमीच, चादरीला सुरकुती नाय. एकानंबी तिची पाठ बघितली नाय. मी मान डोलवायचो.

माकडहाडावर लाल डाग आला. मेहुणी म्हणाली, उष्णता हाय, पावडर लावा. मोठी डॉक्टरीण! आणि मी गाढव, लावली. मग कातडं गेलं, काळं पडलं, वास सुटला.

दवाखान्यातली सिस्टर घरी आली, बघून म्हणाली, बाबा, वरनं रुपयाएवढं दिसतंय, आत पोकळ झालंय. हाडाखाली एकाच जागी दाब पडला की रक्त पोचत नाय, मांस मरतं, त्यात ओलं कापड आणि पोटात अन्न नाय. दर दोन तासांनी कूस बदलायची, एवढंबी ठाऊक नाय?

खाटेवरनं पार्वतीच बोलली, ठाऊक हाय त्यांना सिस्टर, मोत्याची पाठ रोज बघायचे.

रागानं नाय बोलली हो. हसली जरा. जखमेचं विष अंगात भिनलं, महिन्यात गेली.

आता कुणी अंथरुणाला खिळलंय कळलं की मी जातो. चहा नको म्हणतो, चादर किती पांढरी ते दाखवू नका, आधी पाठ दाखवा. लोक चिडतात, म्हातारा बायको गेल्यापासनं बिघडला म्हणतात. म्हणू दे. देव त्यांचं भलं करो, आणि त्यांच्या म्हाताऱ्यांना वेळेवर कूस बदलून मिळो.