नऊ नंबरचा कॅमेरा

डॉक्टरांकडे आमचा नंबर यायला वेळ होता. शेजारच्या बाकावर खाकीतले एक वनरक्षक आणि मांडीवर कोरी वही घेतलेली त्यांची मुलगी बसले होते.

"बाबा, जंगलात कॅमेरे कुठे कुठे बांधलेत, ते वहीत लिहून ठेवायला काय होतं तुम्हाला?"

"वही हरवते. डोकं कुठे हरवतंय?"

"बरं, सात नंबरचा कुठे आहे?"

"ओढ्यापलीकडे. तुझी आत्या घसरून पडली होती ना, तिथे."

"आठ?"

"त्याच्या पुढे, मधाचं पोळं होतं त्या झाडाला."

"आणि नऊ?"

"तो चोरीला गेला. साहेबांना तसं लिहूनही दिलंय मी."

"काल सापडला. तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या नव्या वनरक्षकाला."

"कुठे?"

"पाणवठ्यावर, वाकड्या झाडाला. तुम्ही बांधला होता तिथेच."

"काहीतरीच. तिथे मी दहादा जाऊन बघितलंय."

"चौदा वेळा."

"तू काय मोजत होतीस?"

"त्यातले फोटो त्याने घरी आणून दाखवले. समोर काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो, हे तुम्हीच मला सांगितलंत. बिबट्या एकदा आलाय, डुकरं दोनदा. बाकी सगळे तुम्ही. येता, कॅमेऱ्यासमोर उभे राहता, इकडेतिकडे बघता आणि परत जाता. एकात तर रुमालाने त्याची काच पुसताय."

"त्यानंतरचे फोटो स्वच्छ आले असतील."

"आलेत."

"डॉक्टरांना हे सांगणार आहेस?"

"त्यासाठीच आलोय ना, बाबा."

"सांग. साहेबांना मात्र त्याला बिबट्याचाच फोटो दाखवू दे."

"बरं."

"आणि ती वही दे इकडे. दहा नंबरचा आठवतोय, तोवर लिहून टाकतो."