आत्याचा खड्डा

...नाही, तुम्हीच सांगा, शिकल्यासवरल्या माणसाने माती खायची असते का? पोटभर नाही हो, चिमूटभर. जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, दातांखाली घोळवायची... "कचकच लागतेय गं, गाळ चांगलाच आहे हिच्यात!" ही माझी आत्या. सत्तरी ओलांडलेली मृदाशास्त्रज्ञ. चूळ तरी भर म्हणावं, तर आत्याला कोण सांगणार?

तुम्हाला सांगते, अर्धं जग पालथं घातलंय या बाईने! वाळवंट म्हणू नका, दलदल म्हणू नका, बर्फ म्हणू नका! आणि फोटो? लोक धबधब्यापुढे उभे राहतात, हिचा अख्खा अल्बम खड्ड्यांचा! प्रत्येक खड्ड्यात तिचे यजमान, आमचे काका, ताठ, हात बाजूला. का? तर मापाला! खोली कळायला नको? लग्नानंतरच्या पहिल्या सहलीचाही फोटो तोच... डोक्यामागे काळी माती, कमरेमागे तांबडी.

पण बाई वाघीण! एका परदेशात बडे साहेब नवा कालवा काढून टाळ्या पिटत होते. ही भर सभेत उठली, "पाण्याचा निचरा करा, नाहीतर मीठ वर येईल, शेतं पांढरी पडतील." साहेब म्हणाले, "बसा मॅडम." बसते कसली! चर खणायचं कबूल करेपर्यंत उभी! आज तिथे पीक डोलतंय. आत्याला कोण सांगणार?

आमचे बाबा सांगणार! धाकटे भाऊ ना, भारी हौस! जुन्या विद्यार्थ्यांनी तिला डोंगरापलीकडच्या मोहिमेवर बोलावलंय, बहुधा शेवटच्याच. तर हे पेपराआडून, "ताई, पुरे आता. गुडघे बघ. खड्ड्यात उतरशील, वर कशी येशील?" वय झालं की कोपऱ्यात बसायचं, हा नियम काढला कोणी? मी भांडले, दार आपटलं, जेवले नाही. आत्या काय करते? सकाळी माळीदादांना हाताशी धरून इमारतीमागे छातीइतका खड्डा खणते, उतरूनही दाखवते!

आणि अडकते.

सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले, "बाई, परवानगी कोणाची घेतलीत?" खालून आवाज, "ते राहू दे, भिंतींना तडे का जातात ते बघायचंय का?" मागून बाबा, "सांगत होतो ना, ताई!" आणि तावातावाने तिला काढायला स्वतःच आत. आता दोघंही खाली! मग तिने त्यांचं बोट धरलं आणि मातीवरून फिरवलं. "हा राखेचा पट्टा बघ. कधीतरी इथे मोठी आग लागली होती. आणि हे मूळ... त्या राखेतूनच खाली गेलंय." बाबांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. आमच्या बाबांनी, मातीसाठी! वर मी दोर घेऊन ताटकळतेय, आणि खालून बाबा मलाच, "थांब गं, घाई काय आहे?"

झालं! मोहिमेला बाबांची परवानगी मिळाली. एकच अट, वर ओढायला घरचं माणूस सोबत हवं. मी उड्या मारत बॅग काढायला गेले, तर बॅग जागेवर नाही. बाबांनी भरलेली!

म्हणजे भांडले मी, उपाशी राहिले मी, दोर ओढून हाताची सालटी निघाली माझी, आणि विमानात बाबा! सेक्रेटरी म्हणतात, संध्याकाळपर्यंत खड्डा बुजवा. आत्ताच विमानतळावरून आत्याचा फोन... "खालची माती खाली, वरची वर! कालवलीस तर आल्यावर पुन्हा खणायला लावीन."

टाकतेय. खालची खाली, वरची वर.