हरायचं बटण

माझ्या एका व्हिडिओमागची गंमत सांगते. मी फायटिंग गेमवर व्हिडिओ करते. त्या वेळचा मुद्दा होता, 'नुसती बटणं बडवून कोणी जिंकत नाही.' दाखवायला बटणं बडवणारं कोणीतरी हवं होतं. वर्गात कोणाला विचारायची मला लाज वाटली, म्हणून साकीनाक्याच्या कारखान्यातून आई घरी आली तशी तिलाच कंट्रोलर दिला. दिवसभर पॅकिंग करून तिची बोटं भलतीच चपळ झालीत, हे मी विसरलेच. तिने धडाधड बटणं बडवली आणि मी हरले. सलग पाच वेळा! मी रडकुंडीला आले.

"आई, हर ना गं! उद्या व्हिडिओ टाकायचाय."

आई कंट्रोलर उलटसुलट बघत म्हणाली, "हरते ना बाळा. हरायचं बटण कुठलं, तेवढं दाखव."